आजोबांना १५ लिटर ऑक्सिजन चालला, मग बाळाचा का कमी करतात?

खाडीकाठची_मावशी:
बहिणीची डिलिव्हरी ३१व्या आठवड्यातच झाली, बाळ रत्नागिरीला एनआयसीयूत आहे, नाकाला सीपॅप लावलंय, म्हणजे दाबाने हवा देणारी नळी. आम्ही गुहागरहून एक दिवसाआड जाऊन येतो. सिस्टर सारखा ऑक्सिजन कमी करतायत, ४० टक्क्यांवरून ३०, काल तर २५, आणि मॉनिटरवर ९३ दिसतंय तरी वाढवत नाहीत. आजोबांना कोविडमध्ये १५ लिटरचा मास्क होता तेव्हा आम्ही आकडा वर चढायची वाट बघत बसायचो. त्यात नेटवर वाचलं की नवजात पिल्लांची फुफ्फुसं मोठ्यांपेक्षा जास्त ऑक्सिजन सोसतात. मग खरं काय? आईला रात्रभर झोप नाही.

सिस्टर_सिंधुदुर्ग:
घाबरू नको गो. आपण सगळे २१ टक्केवाल्या हवेतच जगतो, म्हणजे २५ वर आलं ही चांगली बातमी आहे. मॉनिटरवरचं ९३ म्हणजे सॅच्युरेशन, रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्का, ते ऑक्सिजनवरच्या अशा बाळांचं साधारण ९० ते ९५ मध्ये ठेवतात. ऑक्सिजन चालू असताना ९९-१०० दिसलं की आम्हालाच धडकी भरते, कारण रक्तात नक्की किती जास्त झालाय ते त्या आकड्यावरून कळतच नाही. १९४०-५० च्या काळात परदेशात अशा बाळांना भरपूर ऑक्सिजन द्यायचे आणि त्यात हजारो मुलांची दृष्टी गेली. डोळ्यांच्या पडद्याच्या तपासणीची तारीख मागून घ्या, साधारण जन्मानंतर ४ आठवड्यांनी करतात, ती अजिबात चुकवू नका.

बालरोग_चिपळूण:
तुम्ही वाचलंत ते खरं आहे पण अर्धंच. शंभर टक्के ऑक्सिजनमध्ये मोठे उंदीर साधारण तीन दिवसांत दगावतात, फुफ्फुसाला सूज येते, पाणी भरतं. नुकती जन्मलेली पिल्लं मात्र आठवडाभरसुद्धा तगतात कारण त्यांच्या फुफ्फुसात ऑक्सिजनचं विष मारणारी एन्झाइम्स पटकन वाढतात, मोठ्यांत ती तेवढी वाढत नाहीत. पण तगणं वेगळं आणि वाढणं वेगळं. माणसाच्या बाळाचे बहुतेक वायुकोश जन्मानंतर तयार होतात आणि जास्त ऑक्सिजनमध्ये ते कामच थांबतं, मोठे आणि मोजकेच कोश राहतात, बारीक रक्तवाहिन्याही कमी. आजोबांची फुफ्फुसं बांधून झालेली होती, तुमच्या भाच्याची अजून बांधकामात आहेत. शिवाय ही एन्झाइम्स पोटात शेवटच्या काही आठवड्यांत वाढतात, ३१ आठवड्यांच्या बाळाकडे ती तयारी पुरती झालेलीच नसते, म्हणजे उंदराच्या पूर्ण दिवसांच्या पिल्लाचा नियम इथे लावू नका. पोटात तर बाळ आपल्यापेक्षा कितीतरी कमी ऑक्सिजनवर वाढत असतं. ऑक्सिजन आणि व्हेंटिलेटरने होणारा फुफ्फुसाचा हा आजार १९६७ मध्ये पहिल्यांदा नीट मांडला गेला, बीपीडी म्हणतात त्याला. आणि हो, मोठ्यांनाही फुकट सूट नाही, शुद्ध ऑक्सिजनवर दिवसभरात छातीत जळजळ, कोरडा खोकला सुरू होतो, आजोबांना दिला कारण त्याशिवाय इलाज नव्हता. पण म्हणून सिस्टरना कमी करा कमी करा म्हणून मागे लागू नका हां, फार कमी पडला तरी जिवाला धोका असतो.

सड्यावरची_आई:
माझा ३० आठवड्यांचा, आता पहिलीत आहे आणि सड्यावर धावतो. मी तेव्हा नुसती मॉनिटर बघत बसायचे. बहिणीला म्हणावं कांगारू देऊ देतात का विचार, बाळ छातीवर घेतलं की आकडेही शांत होतात.

खाडीकाठची_मावशी:
आईला मोठ्याने वाचून दाखवलं, बांधकामात आहे म्हटल्यावर तिला लगेच पटलं. उद्या पहिल्या एसटीने जातोय, डोळ्यांची तारीख आणि कांगारूचं दोन्ही विचारते.