मदत हवी आहे: सासऱ्यांचा तंबाखू यूकेच्या कस्टमने जप्त केला

लेस्टरची_सून:
नमस्कार मंडळी. १९ दिवसांपूर्वी सासू-सासरे साताऱ्याहून पहिल्यांदाच आमच्याकडे लेस्टरला आले. आबांना पन्नास वर्षांची तंबाखूची सवय आहे. (सोडवायचे सगळे उपाय करून झालेत, त्यावर सल्ले नकोत, प्लीज.) पाच महिने राहायचं म्हणून त्यांनी गायछापच्या पुड्या आणल्या, सगळ्या मिळून ९०० ग्रॅम. 'स्वतःपुरता असेल तर किलोभर चालतो' असं ओळखीतल्या एकांनी छातीठोकपणे सांगितलं आणि मीच ते आबांना फोनवर कळवलं.

विमानतळावर हिरव्या मार्गाने बाहेर पडताना बॅग उघडायला लावली. आबांना इंग्रजी येत नाही. त्यांनी तळहातावर अंगठा चोळून, चिमूट ओठात धरायची खूण करून दाखवली. अधिकारी हसला म्हणे, पण पुड्या सगळ्या घेतल्या. २५० ग्रॅमची सूट असते हे तिथेच कळलं. मग तेवढा तरी परत मिळायला नको का? एक जप्तीचा कागद आणि 'नोटीस १२अ' नावाचं पत्रक मिळालंय. त्यात एका महिन्याच्या मुदतीचं काहीतरी आहे. अर्ज करू का? आणि आबांना एकच धास्ती लागलीय, 'माझ्यावर केस झाली का गं?'

पुणेरी_काकडी:
९०० ग्रॅम! आबा राहायला आलेत की टपरी टाकायला?

खटपट्या:
काकडी, राहू द्या. ताई, आधी आबांना सांगा की त्यांच्यावर केस झालेली नाही. तुम्ही आव्हान दिलंत तर कोर्टात चालतं ते मालाविरुद्ध, आणि तेही दिवाणी स्वरूपाचं.

किलोभराची गोष्ट जुनी आहे. यूके युरोपीय संघात असताना तिथल्या देशांतून स्वतःसाठी आणलेल्या तंबाखूला ठरावीक मर्यादा नव्हती. एक किलोच्या वर गेलं की चौकशी व्हायची, एवढंच. १ जानेवारी २०२१ पासून तेही बंद झालं. भारतातून येणाऱ्याला तर ते कधीच लागू नव्हतं. ग्रेट ब्रिटनमध्ये येताना २०० सिगारेटी किंवा २५० ग्रॅम तंबाखू, मग तो ओढायचा असो की मळायचा. मर्यादा ओलांडली की फक्त वरच्या ६५० ग्रॅमवर नाही, सगळ्या ९०० वर शुल्क लागतं. ते आधी जाहीर करायचं असतं. हिरव्या मार्गाने गेलात म्हणजे 'जाहीर करण्यासारखं काही नाही' असं म्हणालात. म्हणून पुड्या सगळ्या गेल्या.

आता अर्जाचं. पत्रकात दोन वेगळ्या वाटा आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. 'जप्तीच बेकायदा होती' असं म्हणायचं असेल तर जप्तीपासून एका महिन्याच्या आत दावा त्यांच्या हातात पडला पाहिजे. मग ते मॅजिस्ट्रेट कोर्टात जातं, हरलात तर खर्च अंगावर येऊ शकतो. शिवाय आबा तोवर साताऱ्याला परतलेले असतील तर दाव्यात इथल्या सॉलिसिटरचं नाव-पत्ता द्यावा लागतो. गायछापसाठी सॉलिसिटर!

दुसरी वाट म्हणजे 'जप्ती मान्य, पण माल परत द्या' अशी विनंती. नकार आला तर ४५ दिवसांत फेरविचार मागता येतो आणि तिथेही नाही म्हणाले तर ३० दिवसांत ट्रायब्युनल. पण महिन्याभरात दावा केला नाही तर जप्ती रीतसर होती असंच धरतात, आणि मग ट्रायब्युनलपुढे 'स्वतःसाठीच होता हो' हा मुद्दा चालत नाही. २०११ च्या जोन्स निकालात अपील कोर्टाने हे पक्कं केलंय. तसाही सिगारेट-तंबाखू शक्यतो परत न देण्याचंच त्यांचं धोरण आहे.

माझं मत: सोडून द्या. तुमच्या प्रकरणात 'स्वतःसाठी' हे खरं असलं तरी त्याचा उपयोग नाही, अडलंय ते जाहीर न करण्यावर. कागद मात्र जपून ठेवा. कधीकधी मागाहून शुल्क आणि दंडाचं पत्र येतं. आलं तर मुदतीत उत्तर द्या.

सातारकर_लंडन:
सहमत. आणि ताई, कंदी पेढे आणले होते का? भारतातून दुधाचे पदार्थ आणायलाही बंदी आहे. ते सुटले असतील तर नशीब समजा.

लेस्टरची_सून:
पेढ्यांबद्दल मी काही बोलणार नाही. :)

खटपट्या, मनापासून आभार. दावा करत नाही. केस नाही म्हटल्यावर आबा आज पोटभर जेवले. आता शेवटचं विचारते: दीर साताऱ्याहून कुरिअरने थोडा पाठवू म्हणतायत, २०० ग्रॅमच. भेट म्हणून लिहिलं तर?

खटपट्या:
अजिबात नको! २५० ग्रॅमची सूट माणूस सोबत घेऊन येतो त्याला. पार्सलने आलेल्या तंबाखूवर भेट असली तरी शुल्क लागतंच.

लेस्टरची_सून:
फोन केला त्यांना. डबा पॅक करून झाला होता.