रि: रि: मॅटचं काय ठरलं?

प्रेषक: माधुरी
मंडळी, कोटेशन शुक्रवारपर्यंतच आहे म्हणून पुन्हा लिहिते. आपल्या मंडळाचे गणपतीतल्या वडापावच्या स्टॉलचे पैसे नुसते पडून आहेत. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या तिन्ही हायस्कुलांना कबड्डीची एकेक मॅट द्यायची, असं त्या दिवशी पार्किंगमध्ये ठरलं होतं ना? कुणीतरी हो म्हणा, म्हणजे मी सुटले.

प्रेषक: शिरीष (खजिनदार)
माधुरीवहिनी, पार्किंगमध्ये ठरलेलं मिनिट्समध्ये येत नाही. आणि मंडळाच्या खात्यातून शाळेला एक पै जाऊ शकत नाही. आपलं मंडळ इथं, भारताबाहेर नोंदलेलं, म्हणजे तिकडच्या कायद्यानं परदेशी. शाळेच्या संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, नाहीतर आधी परवानगी. शिवाय २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसे आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेत उतरावे लागतात. तिघांनाही फोन केला, नोंदणी एकाकडेही नाही. ग्रंथालयाच्या वेळी हेच सांगितलं तेव्हाही मीच वाईट झालो होतो.

प्रेषक: विनायक
ग्रंथालयाची ती खोकी अजून माझ्याच गॅरेजमध्ये आहेत, कुणी न्याल का? बायको रोज विचारते.
बाकी सोपं आहे. मी पुढच्या महिन्यात बेळगावच्या विमानतळावर, सांबऱ्याला उतरतोय. बॅगेत चाळीस दोरीउड्यांच्या दोऱ्या टाकतो. त्यात कसला आलाय कायदा?

प्रेषक: शिरीष
वस्तूसुद्धा देणगीतच धरतात. विषय संपला.

प्रेषक: सुनंदाकाकी
शिरीष, विषय आत्ता कुठं सुरू झालाय बाळ.
मॅट ठेवणार कुठं ओ? जून ते सप्टेंबर वर्गात बादल्या ठेवाव्या लागतात. जांबोटीकडचा पाऊस कुणी बघितलाय का तुमच्यात?
माझी भाची त्यातल्या एका शाळेत पी.टी. घेते. काल फोनवर म्हणाली, "काकी, मी दोन वर्षं बघतो, मॅट नको, खोखोचे खांब हायत की." (हो, आमच्याकडं पोरीपण "मी बघतो"च म्हणतात, पुणेकरांनी हसू नये.) अडचण बसची. शाळा साडेचारला सुटते, त्या बाजूची शेवटची बस पाच वाजता. २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बाईमाणसाला तिकीट नाही, म्हणजे पैशाचा प्रश्नच नाही. पण बस चुकली तर सहा किलोमीटर रानातून चालत. कुठली आई सोडेल?
तर पोरी खेळतात कशा, ते ऐका. दप्तरं खांबाला टेकवलेली. आठजणी पाटीत उकिडव्या बसलेल्या, नववी पाठलागावर, सगळ्यांचा एक कान रस्त्याकडं. वळणावर हॉर्न वाजला की खो द्यायचा सोडून नऊच्या नऊ फाटकाकडं सुटतात. भाची म्हणते, दिवसभरातलं खरं पळणं तेवढंच.

प्रेषक: अनघा
काकी, हे वाचून दवाखान्यातच हसले. पण मुद्दा गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. २०१६ च्या जागतिक आकडेवारीत ११ ते १७ वयातली ८१ टक्के मुलं तेवढी हलत नव्हती, आणि मुलींचं प्रमाण मुलांपेक्षाही वाईट होतं. शाळा सुटल्यावर जमत नसेल तर शाळेच्या वेळेतच घ्या. प्रार्थनेनंतर अर्धा तास.

प्रेषक: सुनंदाकाकी
तो अर्धा तास एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, गणिताला गेलाय अनघा. हेडमास्तरांना निकाल दाखवायचा असतो, त्यांचं तरी काय चुकलं?

प्रेषक: विनायक
मुलांचं काय पण? सगळे मुलींचंच बोलताय. आमच्या वेळी तालीम होती. लाल मातीत लोळून घरी गेलो की आई अंगणातच बादली ओतायची.

प्रेषक: माधुरी
मुलगे सैन्यभरतीसाठी पहाटे रस्त्यावर १६०० मीटर पळतातच की. बेळगावचं लष्कराचं मराठा सेंटर शेजारी आहे त्यांच्या. मुलींना कुणी उठवत नाही. विनायकभावजी, तालमीत तुम्ही किती दिवस गेलात ते वहिनींना माहीत आहे.
काकी, वडापची जीप लावली तर? आठवड्यातून दोनदा, साडेपाचला, शाळेच्या फाटकावरून.

प्रेषक: सुनंदाकाकी
जमेल. जीपवाला ओळखीचा आहे, वर्गातलीच पोरगी त्याची. सोबत भाची बसेल.

प्रेषक: शिरीष
वडापचं भाडं म्हणजेही पैसेच. मंडळाचे नकोत. ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून, तिकडच्या स्वतःच्या खात्यातून द्यावेत. ती परदेशी देणगी होत नाही. ओसीआय कार्डवाले, म्हणजे परदेशी पासपोर्ट घेतलेले, बाद, म्हणजे मीही बाद. आणि स्टॉलचे पैसे कुणाच्या खात्यात वळवून पाठवायचे नाहीत, विचारू पण नका.

प्रेषक: विनायक
माझा पासपोर्ट भारतीयच आहे. दिले. जीपवर मंडळाचं नाव लावता येईल का?

प्रेषक: शिरीष
नाही.

प्रेषक: विनायक
लहान अक्षरात?

प्रेषक: माधुरी
माझाही आहे. मंगळवार आणि शुक्रवार. मॅटवाल्याला नाही म्हणून कळवते.

प्रेषक: सुनंदाकाकी
मंगळवारी नको, खानापूरचा बाजार नसला तरी जीप त्या दिवशी लग्नाला बांधलेली असते म्हणे. बुधवार करा. आणि विनायक, त्या खोक्यांत माझा इडलीपात्राचा डबा आहे का तेवढं बघ.