'चाळीस वर्षांपासून'ला इंग्रजीत काय म्हणायचं? आणि 'चालू' असताना 'पूर्ण' कसं?

मेथीची जुडी

सांगलीत आमच्या सोसायटीतल्या सहा जणींना मी दुपारी तीन ते चार इंग्रजी शिकवते. फी नाही, चहा मिळतो. कुणाला इंग्रजी शाळेतल्या नातवाशी बोलायचंय, कुणाला लेकीच्या बाळंतपणाला परदेशी जायचंय. परवा एका काकूंनी वहीत लिहून आणलं, 'आय ॲम लिव्हिंग इन सांगली सिन्स फॉर्टी इयर्स.' मी 'सिन्स'चं 'फॉर' केलं, 'ॲम लिव्हिंग'चं 'हॅव बीन लिव्हिंग' केलं.

काकू म्हणाल्या, "अगं, मंगळवारी तूच सांगितलंस ना, सिन्स म्हणजे पासून? मी चाळीस वर्षांपासून राहते. चुकलं कुठं?" मी सांगितलं, सुरुवात सांगायची तर सिन्स, मुदत सांगायची तर फॉर. "बरं. आणि हा काळ कुठला?" म्हटलं, चालू पूर्ण वर्तमानकाळ. झालं! "चालू आहे तर पूर्ण कसं? आणि पूर्ण झालं असेल तर मी सध्या कुठं राहते?" उरलेला तास हसण्यात गेला.

मला दोन गोष्टी हव्यात. सिन्स आणि फॉर मराठीतूनच वेगळे करून दाखवायची काही युक्ती, आणि त्या काळाला धड नाव.

आगाऊ कार्टं

तुमच्या काकू सुटल्या. आमचे क्लासचे सर 'चालू'ला 'अपूर्ण' म्हणायचे, त्यामुळे आमच्या वहीत हा काळ 'पूर्ण अपूर्ण वर्तमानकाळ' असा होता. परीक्षेत मी नाव बरोबर लिहिलं, वाक्य चुकलं.

मुद्राराक्षस

चूक इंग्रजीत नाही, मराठीत आहे. 'चाळीस वर्षांपासून राहते' हे 'चालीस साल से'चे भाषांतर आहे. मराठी वाक्य 'मी गेली चाळीस वर्षे सांगलीत राहते आहे' असे होते. 'पासून' आरंभ दाखवतो : सकाळपासून, पाडव्यापासून, मिरजेपासून. 'चाळीस वर्षे' हा आरंभ नव्हे, पल्ला आहे. पल्ल्याला 'पासून' लावायचे तर उद्या 'दहा किलोमीटरपासून चालतो आहे' असेही म्हणा. काकूंचे मराठी दुरुस्त करा, इंग्रजी आपोआप दुरुस्त होईल. मी बत्तीस वर्षे मुद्रितशोधन केले. बत्तीस वर्षांपासून नव्हे.

वऱ्हाडी ठेचा

आलं का हिंदीवर! मराठीत काही खुट्ट झालं की बोट आमच्याकडे. माझी आजी अकोल्याजवळच्या खेड्यातली, हिंदी सिनेमासुद्धा पाहिला नव्हता तिनं. ती म्हणायची, 'लय दिवसापासून आली नाहीस वं बाई'. आणि 'पुष्कळ दिवसांपासून मनात होतं' असं पुण्यातले लोक म्हणत नाहीत काय? 'पुष्कळ दिवस' हा पल्ला की आरंभ?

मुद्राराक्षस

तो रूढ अपवाद आहे.

वऱ्हाडी ठेचा

पुण्यात झाला की रूढ अपवाद, अकोल्यात झाली की चूक. समजलं.

ब्रेमेनवासी

हिंदीला सोडा हो. जर्मन शिकताना पहिले सहा महिने मी रडत होतो. टेबल पुल्लिंगी आणि मुलगी चक्क नपुंसकलिंगी. पण हा एक धडा मला फुकटात मिळाला. 'झाइट' म्हणजे पासून, आणि तो दोन्हीकडे चालतो. 'झाइट मोंटाग' म्हणजे सोमवारपासून, 'झाइट त्सेन यारेन' म्हणजे दहा वर्षांपासून. क्रियापदही साध्या वर्तमानकाळात : 'इख वोने हिअर झाइट त्सेन यारेन', मी इथे दहा वर्षांपासून राहतो. फ्रेंचांचा 'देप्वी'ही असाच दोन्हीकडे चालतो.

गंमत म्हणजे माझे जर्मन सहकारी इंग्रजी बोलताना काकूंचीच चूक करतात. 'सिन्स टेन इयर्स' म्हणतात, तेही वर्तमानकाळ लावून. त्यांनी ही कुठल्या हिंदीतून उचलली असेल?

मुद्राराक्षस

जर्मनांचे जर्मनांपाशी.

ढापण्या

वा, 'पाशी' निघालंच आहे तर सांगतो. 'पासून' हा 'पाश'पासून आलेला आहे. गोष्ट एका टोकाला पाशाने बांधलेली असते आणि तिथून पुढे ताणली जाते. म्हणून सुरुवात. माझं स्वतःचं संशोधन आहे.

काजूबी

ढापण्याभाऊ, पाश सोडा. 'पास' हा संस्कृत 'पार्श्व'वरून, म्हणजे कूस, बाजू. जवळपास, आसपास, पाशी, पासून ही सगळी एका घरची. शेवटचा 'ऊन' म्हणजे 'घरून'मधला. थोडक्यात, 'च्या बाजूने निघून'.

आणि 'सिन्स'चं मूळ आणखी मजेचं आहे. जुन्या इंग्रजीत 'सिथ्थन' असा शब्द होता, अर्थ 'त्यानंतर'. त्याचं पुढे 'सिथेन्स' आणि घासून घासून 'सिन्स' झालं. म्हणजे त्याच्या पोटातच 'नंतर' आहे. कशानंतर ते सांगावं लागतं : सोमवारनंतर, लग्नानंतर, १९८४नंतर. काकूंचं वाक्य साहेबाच्या कानाला 'मी चाळीस वर्षांनंतर सांगलीत राहते' अशासारखं काहीतरी लागत असणार. मराठी 'पासून'च्या पोटात 'नंतर' नाही, म्हणून तो कुठेही चिकटतो. मुद्राराक्षसांना पटणार नाही, पण मला हे 'हिंदीची सावली'पेक्षा बरं वाटतं.

आगाऊ कार्टं

पण खोडायचंच कशाला? ऑफिसात रोज मेल येतात, 'सफरिंग फ्रॉम फीव्हर सिन्स टू डेज'. आजवर एकाही मॅनेजरने 'दोन दिवसांनंतर ताप येणार आहे का?' असं विचारलेलं नाही. रजा मिळते. कोट्यवधी लोक असं बोलतात म्हणजे ते भारतीय इंग्रजी. 'प्रीपोन' पचलं, हेही पचेल.

ब्रेमेनवासी

रजा मिळेल, मार्क मिळणार नाहीत. आयल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेचा परीक्षक नऊपैकी किती बँड द्यायचे ते ठरवताना तुमच्या मॅनेजरला फोन करत नाही.

लातूरची लेक

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीपासून होतं. २०००पासून ते पहिलीपासून झालं. (हे वाक्य पोरांना भाषांतराला घातलं होतं, फार गोंधळ उडाला.) मी एक युक्ती वापरते, बघा काकूंना पटते का.

'पासून' काढायचं आणि त्या जागी 'झालं, झाले, झाली' घालून बघायचं. 'दोन दिवसांपासून ताप आहे' याचं 'दोन दिवस झाले ताप आहे'. बसलं, म्हणजे फॉर. 'सोमवारपासून ताप आहे' याचं 'सोमवार झाला ताप आहे'. नाही बसलं, म्हणजे सिन्स. 'चाळीस वर्षं झाली इथं राहते' बसतं. 'लग्न झाल्यापासून इथं राहते' याला 'लग्न झालं इथं राहते' म्हटलं तर पोरं हसतात. हसली की सिन्स.

आगाऊ कार्टं

'कधीपासून वाट बघतोय' याला काय लावणार?

लातूरची लेक

त्याला आम्ही 'कधीचं वाट बघायलोय' म्हणतो. 'पासून'चा प्रश्नच मिटला. पण तुम्ही चांगलं काढलंत. 'चा'सुद्धा दोन्हीकडे चालतो की! 'सकाळचा उपाशी आहे' आणि 'दोन दिवसांचा उपाशी आहे'. मुद्राराक्षस सर, 'दोन दिवसांचा उपाशी' हेही खोडणार का?

मुद्राराक्षस

ते विशेषण आहे. विषयांतर नको.

मेथीची जुडी

लातूरच्या ताई, 'झाले'ची युक्ती फारच आवडली. उद्याच वापरते. आता त्या काळाच्या नावाचं बघा कुणीतरी.

वऱ्हाडी ठेचा

मेथीताई, नाव नंतर. आधी काकूंच्या शंकेचं उत्तर घ्या, ते आमच्या बोलीत आहे. 'मी चाळीस वर्ष झाले सांगलीत राहून राहिली.' हे रूप बघा. 'राहिली' हे भूतकाळी, पूर्ण झालेल्याचं रूप. अर्थ मात्र चालू असल्याचा. 'तू काय करून राहिला?' 'जेवून राहिलो.' ताटावरून उठलेला माणूस असं म्हणत नाही, हातात घास असलेला म्हणतो. 'हॅव बीन लिव्हिंग' यात तेच आहे. नागपुरात हा काळ शिकवायला पाच मिनिटंही लागत नाहीत. पूर्ण आणि चालू एका क्रियापदात नांदू शकतात, हे आमच्या पोराला घरूनच ठाऊक असतं.

मुद्राराक्षस

म्हणजे 'रह रहा हूँ'. पुन्हा हिंदीच.

वऱ्हाडी ठेचा

असू द्या हिंदी. तुमचं 'करतो' जोडीला 'आहे' घेऊन बसतं, आमचं 'करून' जोडीला 'राहिलो'. शेजाऱ्याकडून वाटीभर साखर आणली म्हणून चहा त्याचा होतो काय?

काजूबी

ठेचाभाऊंचा मुद्दा अर्धा खरा आहे. रूप पूर्ण, अर्थ चालू, हे मान्य. पण वऱ्हाडीत 'आत्ता जेवून राहिलो' यालाही तेच रूप आणि 'चाळीस वर्ष झाले राहून राहिली' यालाही तेच. इंग्रजीत पहिल्याला 'ॲम ईटिंग', दुसऱ्याला 'हॅव बीन लिव्हिंग'. अवघड तर तोच फरक आहे, आणि तो वऱ्हाडी पोरालाही शिकावाच लागणार.

लातूरची लेक

आमच्याकडं 'काय करायलास?' 'जेवायलोय.' हे कुठून आलं असावं? 'करायला लागलो'चं आखडलेलं रूप म्हणावं का?

आगाऊ कार्टं

कोल्हापुरात अजून न आखडलेलं मिळतं. 'काय कराय लागलाईस?' आमचा मामा 'जेवाय लागलोय' म्हणतो तेव्हा तो जेवायला सुरुवात करतोय की निम्मा जेवलाय, हे ताट बघूनच ठरवावं लागतं.

काजूबी

मालवणीत बापयही 'मी जातंय' म्हणतो आणि बाईही 'मी जातंय' म्हणते. लिंगाची कटकट नाही. इंग्रजीला त्यातल्या त्यात आम्हीच जवळचे.

मेथीची जुडी

अहो, काळाचं नाव!

ढापण्या

'आजवरचा वर्तमानकाळ' म्हणा. मागे सुरू झालं, आजवर आलं. 'पूर्ण'ची भानगडच नको.

मुद्राराक्षस

परिभाषा अशी सोसायटीच्या सभेत बदलत नाहीत. पूर्ण वर्तमानकाळ म्हणजे क्रिया पूर्ण झालेली, परिणाम वर्तमानात. 'मी जेवलो आहे.' सोपे आहे.

काजूबी

'मी जेवलो आहे'ला सोपं आहे. 'राहते आहे'ला नाही. आणि मुद्राराक्षस, शुद्धतेचंच बोलायचं तर दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं, तेव्हा त्यांच्यापुढेही नमुना इंग्रजी व्याकरणाचाच होता. इंग्रजीच्या मापानं शिवलेला सदरा मराठीला घालायचा, आणि दीडशेहून अधिक वर्षांनी तोच उलटा करून इंग्रजी शिकणाऱ्या काकूंना घालायचा. काखेत ताणणारच. मला 'आजवरचा' आवडला. ढापण्याभाऊ, 'पाश'बद्दल माफ केलं.

मुद्राराक्षस

दादोबांना मराठीचे पाणिनी म्हणतात, शिंपी नव्हे.

आगाऊ कार्टं

पाणिनी काय, शिंपी काय, माप दोघंही घेतात.

मेथीची जुडी

वर्ग झाला. 'आजवरचा' लगेच चालला, कुणीही शंका काढली नाही. 'झाले'ची युक्ती तर इतकी पटली की पाच जणींनी दहाही वाक्यं बरोबर सोडवली. 'सोमवार झाला ताप आहे'ला सगळ्या खदखदून हसल्या, म्हणजे युक्ती पोचली.

काकूंनी मात्र आज वहीत लिहून आणलंय : 'फॉर्टी इयर्स हॅपन्ड, आय ॲम लिव्हिंग इन सांगली.'

लातूरची लेक

ताई, हे माझ्यावर नका ढकलू.

ब्रेमेनवासी

काकूंना जर्मनला पाठवा. पहिल्या दिवशी पास होतील.

वऱ्हाडी ठेचा

काकूंचं वाक्य आमच्याकडं शंभर टक्के बरोबर आहे. मुद्राराक्षस, तुम्ही दोन तास झाले गप्प बसून राहिले, बरं आहे ना?

मुद्राराक्षस

दोन तास गप्प बसलो आहे. 'झाले' कशाला?