मदत हवी आहे: परदेशी गुंतवणूकदारांसमोर छत्रपती संभाजीनगर कसं मांडावं?

नमस्कार मंडळी. वाळूजमधले आम्ही काही लघुउद्योजक मिळून शहर आणि आसपासच्या औद्योगिक पट्ट्याचं एक सादरीकरण तयार करतोय. जपान आणि जर्मनीतल्या मध्यम आकाराच्या कंपन्यांपर्यंत ते पोहोचवायचं आहे.

सांगण्यासारखं भरपूर आहे. शेंद्रा-बिडकीन मिळून सुमारे 10,000 एकरांचं ऑरिक हे नियोजित औद्योगिक शहर, 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग, 1985 पासून वाळूजमध्ये असलेला बजाजचा कारखाना, शेंद्र्यातली स्कोडा. पण माझ्या मते खरी ताकद आहे ती या कारखान्यांभोवती वाढलेल्या छोट्या शेड्समध्ये. आमच्या शेजारी गिअरचे शाफ्ट ग्राइंड होतात. प्रत्येक नग मायक्रोमीटरने तपासल्याशिवाय ट्रेमध्ये जात नाही. हे कसब जमिनीच्या दरासारखं तक्त्यात कसं दाखवायचं, इथेच गाडी अडली आहे.

दुसरा प्रश्न पाण्याचा. जायकवाडी जवळ असूनही शहरात नळाला रोज पाणी येत नाही, हे कुणीही पाच मिनिटांत शोधून काढेल. मला वाटतं आपणच आधी सांगावं आणि उद्योगांच्या पाण्याची व्यवस्था वेगळी मांडावी. काही सहकारी म्हणतात, विचारलं तरच बोलू. तुमचं मत काय?

गुंतवणूक प्रोत्साहनाचं किंवा कंपनीसाठी जागा निवडण्याचं काम कुणी केलं असेल, तर पहिल्या बैठकीत समोरचे नेमकं काय विचारतात ते कृपया सांगा. जपानी उत्तम येणारं कुणी मराठी माणूस मसुदा तपासून देईल का? योग्य मानधन देऊ. पुणे-चाकणशी तुलना करावी की टाळावी, हेही कळवा.