सिलिकोसिसचा भरपाई दावा : कायद्यात तीन महिने, मग वर्षानुवर्षं का लागतात?

साचेकार

१९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याचं कलम २५अ म्हणतं की आयुक्तांनी दावा तीन महिन्यांत निकाली काढावा. मशिनमध्ये बोटं गेली असल्या दाव्यात तीन महिने नाही तरी बऱ्यापैकी लवकर काहीतरी हातात पडतं. फाउंड्रीतल्या (धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यातल्या) सिलिकोसिसचा, म्हणजे सिलिकाची धूळ फुफ्फुसात बसून होणाऱ्या आजाराचा, दावा मात्र वर्षानुवर्षं रेंगाळतो. कायदा तोच, आयुक्त तेच. ‘तारीख पे तारीख’ हे उत्तर नको, ते सगळ्यांना पाठ आहे. नेमकं अडतं कुठे?

डोळ्यांसमोर कोल्हापूर-इचलकरंजी पट्टा आहे. शेकआउट (साचा फोडून ओतीव काढणं), फेटलिंग (ओतीव घासून साफ करणं), सँड ब्लास्टिंग (वाळूच्या झोताने साफ करणं). माणसं बहुतेक कंत्राटी, दर दोन-तीन वर्षांनी कंत्राटदार बदललेला, कारखानाही एकच नाही.

लेबरकोर्ट_कट्टा

बोट तुटलं की तारीख, शिफ्ट, साक्षीदार एका कागदावर येतात. सिलिकोसिसला अपघाताची तारीखच नसते, म्हणून कायदा ती मानून चालतो : आजारामुळे माणूस सलग गैरहजर राहिला त्यातला पहिला दिवस. तिथून दावा लावायला दोन वर्षं (कलम १०). काम सोडून गेलेल्यासाठी त्याच कलमाच्या परंतुकात सोय आहे, पण काम सोडल्यापासून दोन वर्षांत लक्षणं दिसली तरच. हा आजार दहा-पंधरा वर्षांनी तोंड दाखवतो, हे कायदा करणाऱ्यांच्या गावीही नसावं. त्यामुळे जाबदेणाराच्या (ज्याच्यावर दावा त्याच्या) कैफियतीत (लेखी उत्तरात) पहिला मुद्दा ठरलेला : दावा मुदतबाह्य. पुरेसं कारण दिलं तर आयुक्त विलंब माफ करू शकतात. पण त्या अर्जावर वेगळं म्हणणं, वेगळा युक्तिवाद, वेगळा आदेश, आणि कधी त्या आदेशावर उच्च न्यायालय. मूळ दाव्याला तोवर हातही लागलेला नसतो.

यापेक्षा मोठी फसगत ईएसआयची (कामगार राज्य विमा). माणूस विमाधारक होता का, हे न बघता आयुक्तांकडे दावा टाकला जातो. ईएसआय कायद्याचं कलम ५३ सांगतं की विमाधारकाला त्याच इजेसाठी मालकाकडून दुसऱ्या कायद्याखाली भरपाई मागता येत नाही. ए. ट्रेहान प्रकरणात (१९९६) सर्वोच्च न्यायालयाने ते भरपाई कायद्याला लावलं आणि वेस्टर्न इंडिया प्लायवूड प्रकरणात (१९९७) दिवाणी नुकसानभरपाईचीही वाट बंद केली. चार-पाच वर्षं साक्षीपुरावे झाल्यावर कंपनी ईएसआय वर्गणीचे चलान दाखल करते आणि दावा गडगडतो. मग ईएसआयच्या मेडिकल बोर्डापासून पुन्हा श्रीगणेशा. म्हणून वकीलपत्रावर सही व्हायच्या आधी प्रत्येक नोकरीच्या काळातला ईएसआय क्रमांक शोधायचा. पगारातून वर्गणी कापली पण भरलीच नाही, हा प्रकारही भरपूर दिसतो, आणि त्याचं भांडण ईएसआय न्यायालयात.

राहिला ‘मालक कोण’ हा प्रश्न. कलम १२ प्रमाणे कंत्राटी कामगाराची भरपाई मुख्य मालकाकडून मागता येते, त्याने ती कंत्राटदाराकडून वसूल करावी. अनेक मालक असतील तर कलम ३(२अ) प्रमाणे आयुक्त प्रत्येकाचा वाटा ठरवतात. कागदावर हे कामगाराच्या बाजूचं आहे. प्रत्यक्षात पाच जाबदेणार म्हणजे पाच नोटिसा, त्यातल्या दोन ‘पत्त्यावर इसम राहत नाही’ म्हणून परत, आणि ज्यांना पोचल्या ते सगळे दुसऱ्याकडे बोट दाखवणार. प्रत्येक साक्षीदाराची पाच वेळा उलटतपासणी.

छातीचा_डॉक्टर

कोर्टात जायच्या आधीच दोन-तीन वर्षं जातात, आणि ती आमच्या खात्याकडून. खोकला, वजन घटलेलं, एक्स-रेत दोन्ही फुफ्फुसांच्या वरच्या भागात डाग. आपल्याकडे याचा अर्थ टीबी. सहा महिने एकेटी (टीबीच्या गोळ्या), फरक नाही, पुन्हा एकेटी. थुंकीची सीबीनाट (टीबीच्या जंतूची जनुकीय चाचणी) निगेटिव्ह असली तरी गोळ्या चालूच. केसपेपरवर ‘जुना टीबी’ असा शेरा बसतो आणि तोच कागद पुढे कंपनीचा वकील साक्षीत वाचून दाखवतो.

खरं तर सिलिका आणि टीबी हातात हात घालूनच येतात. कायद्याच्या अनुसूची ३ च्या भाग क मध्ये सिलिको-ट्यूबरक्युलोसिस नाव घेऊन दिलाय, अट एवढीच की मृत्यू किंवा असमर्थता येण्यात सिलिकोसिस हा आवश्यक घटक हवा. तो होता की नव्हता यावर दोन डॉक्टर आमनेसामने उभे करता येतात, आणि केले जातात.

रोगनिदान टिकायचं तर चार गोष्टी पाहिजेत : छातीचा पूर्ण आकाराचा पीए (पाठीकडून घेतलेला) एक्स-रे, तो आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या) प्रमाण फिल्म शेजारी ठेवून वाचलेला, स्पायरोमेट्री (श्वासाच्या क्षमतेची चाचणी), आणि कामाचा सविस्तर इतिहास. आयएलओ पद्धतीत गाठींची दाटी बारा पायऱ्यांत मोजतात आणि १/० पासून वर बहुधा आजार धरतात. नुसतं ‘पल्मनरी फायब्रोसिस’ लिहिलेलं प्रमाणपत्र उलटतपासणीत पाच मिनिटं टिकत नाही. फायब्रोसिसला कारणं पन्नास. आणि केसपेपरवर व्यवसाय म्हणून ‘मजुरी’ लिहिणं बंद करा. ‘फेटलिंग, हँड ग्राइंडर, बंद शेड, १४ वर्षं’ असं लिहायला अर्धं मिनिट लागतं.

धूळमापक

धुळीच्या पुराव्याबद्दल. जुन्या कारखाने कायद्याच्या अनुसूची २ मध्ये श्वसनीय (फुफ्फुसात खोल जाणाऱ्या) धुळीची मर्यादा सूत्रात दिली होती : १० भागिले (क्वार्ट्झची टक्केवारी + २), मिलिग्रॅम प्रति घनमीटर. नमुन्यात ३० टक्के क्वार्ट्झ निघालं तर १० ÷ ३२, म्हणजे साधारण ०.३१. क्वार्ट्झ न तपासता नुसतं धुळीचं वजन दिलेला अहवाल म्हणूनच निरुपयोगी, आणि फायलीत बहुतेक तेच सापडतात.

नमुना कामगाराच्या कॉलरला लावलेल्या सायक्लोनमधून (बारीक धूळ वेगळी करणाऱ्या उपकरणातून), पूर्ण शिफ्टभर घ्यायचा असतो. होतं काय, की पंप शेडच्या दारात स्टँडवर ठेवतात, तासभर चालवतात आणि त्या दिवशी शेकआउट बंद असतो. दाव्यासाठी खरं तर २००५ ची धूळ हवी, मोजता येते आजची. मधल्या काळात डस्ट कलेक्टर बसलेला असतो, वाळूचा प्लांट बदललेला असतो, नाहीतर कारखान्याच्या जागी गोदाम असतं. तेव्हा आजच्या मोजमापावर भर देऊ नका. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे (डिश) त्या वर्षांचे तपासणी शेरे आणि कारखान्याला दिलेल्या नोटिसा माहिती अधिकारात मागा. वाळूची खरेदी बिलंही चालतात : महिन्याला किती टन सिलिका सँड आली हे कळलं की निम्मं चित्र उभं राहतं. ती बिलं कंपनीकडेच असतात, म्हणून दस्तऐवज हजर करण्याचा अर्ज अगदी सुरुवातीला द्यायचा. साक्षी संपत आल्यावर दिला की आणखी एक वर्ष गेलंच.

साचेकार

डॉक्टर, धूळमापक, दोघांचे आभार. कट्टा, एक शंका. आजार मान्य, नोकरी मान्य, तरी दावे अडलेले पाहिले आहेत. ते कशावर?

लेबरकोर्ट_कट्टा

टक्केवारीवर. अनुसूची १ मध्ये अंगठा गेला तर किती टक्के, डोळा गेला तर किती, असा तक्ता आहे. फुफ्फुसाचा नाही. म्हणून कमावण्याची क्षमता किती गेली ते डॉक्टरने ठरवायचं, कलम ४(१)(क)(दोन). आकडा घेऊनच बघा. वय ४५, वयानुसार ठरलेला गुणक १६९.४४, धरायचं वेतन जास्तीत जास्त १५,००० (३ जानेवारी २०२० पासूनची मर्यादा). शंभर टक्के असमर्थता असेल तर १५,००० चे ६० टक्के गुणिले गुणक, म्हणजे १५,२४,९६०. कंपनीच्या डॉक्टरने ४० टक्के म्हटलं की ६,०९,९८४. स्पायरोमेट्रीचा एक कागद नऊ लाखांचा फरक पाडतो, मग दुसऱ्या बोर्डाकडे पाठवा, तिसरं मत घ्या, हे चालणारच. त्यात हा आजार वाढत जातो. २०१९ चे ४० टक्के २०२४ मध्ये ७० झालेले असतात आणि नव्याने तपासणी मागावी लागते.

निकालानंतर अपील, कलम ३०. मालकाला आधी पूर्ण रक्कम भरावी लागते आणि कायद्याचा महत्त्वाचा मुद्दा दाखवावा लागतो, त्यामुळे तिथे थोडा तरी लगाम आहे. कलम ४अ चं १२ टक्के व्याजही विसरू नका. मागितलंच नाही असे अर्ज वाचायला मिळतात. आणि वरचे सगळे क्रमांक जुन्या कायद्याचे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे, नव्या अर्जात तिची कलमं बघून घाला.

नोंदवही

ज्यांच्याकडे कसलाच कागद नाही त्यांची वाट वेगळी, पण तीही लांबच. मध्य प्रदेशातल्या अलिराजपूर, झाबुआ, धार या भागांतले आदिवासी मजूर गुजरातमधल्या क्वार्ट्झ दळणाऱ्या कारखान्यांत जात. ना मस्टर, ना ईएसआय. त्यांच्यासाठीची याचिका सर्वोच्च न्यायालयात २००६ ची. मानवी हक्क आयोगाने २०१० मध्ये २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाखांची शिफारस केली, आणि गुजरात सरकारने ते द्यावेत हा न्यायालयाचा आदेश आला मे २०१६ मध्ये. तिथे कुठल्या कारखान्याने किती धूळ पाजली हे माणसागणिक सिद्ध करायची गरज पडली नाही, तरी दहा वर्षं.

अॅस्बेस्टॉसवाल्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा सीईआरसी (कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर) निकाल बघा. कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा सुटल्यापासून १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोपर्यंत ठेवायला सांगितलंय. तो निकाल सिलिकाबद्दल नाही, आणि डॉक्टरांवर तर आंतररुग्णाच्या नोंदी तीनच वर्षं ठेवायचं बंधन. तेव्हा एक्स-रेचा नुसता रिपोर्ट नको, फिल्म किंवा डायकॉम (मूळ डिजिटल प्रतिमेची) सीडी त्याच आठवड्यात मागून घरी ठेवायची. लेखी मागितली तर ७२ तासांत द्यायचा नियम आहे.

छातीचा_डॉक्टर

नोंदवहींना जोडून : मृत्यू झाला तर शवविच्छेदनात फुफ्फुसाचा तुकडा सूक्ष्मदर्शक तपासणीला पाठवायला नातेवाइकांनीच सांगावं लागतं, आपणहून फार क्वचित पाठवतात. नको वाटतं, समजू शकतो. पण सिलिकाच्या गाठी त्यात दिसल्या की ‘टीबीच होता’ हा बचाव उरत नाही.

साचेकार

ईपीएफ पासबुकात कंत्राटदाराचाच कोड दिसतो, मुख्य कारखान्याचं नाव कुठेच नाही. कलम १२ साठी काय जोडायचं?

लेबरकोर्ट_कट्टा

गेटपास, कारखान्याच्या नावाचा सेफ्टी ट्रेनिंगचा कागद, कँटीन कूपन, कारखान्याच्या दवाखान्यातली चिठ्ठी, यातलं जे सापडेल ते. शिवाय जुन्या कंत्राटी कामगार कायद्याखालची मुख्य मालकाची नोंदणी कामगार आयुक्त कार्यालयातून मागवा, त्यात कंत्राटदारांची नावं आणि कालावधी असतो. पासबुकातल्या तारखा त्याच्याशी जुळल्या की बहुतेक काम होतं. सोबत त्याच शेडमधला एखादा कायम कामगार साक्षीला मिळतो का बघा, निवृत्त झालेला असला तर उत्तम. नोकरीत असलेला सहसा येत नाही.