गल्लीतल्या पडद्यावर 'तिथी' लावायचा का?

शहापूरकर:
बेळगावात आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये महिन्याला एक सिनेमा लावतो, टॉकीजमध्ये न टिकणारा. पुढच्या महिन्यात कन्नड 'तिथी' लावूया म्हटलं, तर लगेच दोन तट पडले. गेल्या खेपेला 'कोर्ट' हा मराठी सिनेमा होता. पडदा हलतो म्हणून पंखे बंद, माणसं घामाघूम. शेवटी न्यायाधीश बागेत बाकड्यावर डुलकी काढतात, पोरं ओरडून उठवतात आणि ते एकाला चापट मारतात. हॉलमध्ये चिडीचूप. मागून एक आजोबा एवढंच बोलले, "आमच्या जमिनीच्या तारखा पण अशाच गेल्या की." या आजोबांना 'तिथी' दाखवायचाच आहे मला. १०१ वर्षांचा म्हातारा मरतो, अकराव्याची तयारी चाललेली असते आणि नातू बापाच्या वाटणीची जमीन विकायची खटपट करत असतो. ही आपल्या भाऊबंदकीचीच गोष्ट आहे.

टिळकवाडीहून:
माझा ठाम विरोध. राग कन्नडवर नाही, माझे निम्मे मित्र कन्नड आहेत. पण वर्षाला आपल्याला बाराच रविवार मिळतात. 'फँड्री' अजून लावला नाही. 'साबर बोंडं'ला २०२५ साली अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, तोही नाही. इथल्या पोरांना चांगलं मराठी कानावर पडायची जागा किती उरलीय? ती आपणच वाटून टाकायची?

खानापूरची सून:
दोघांनाही विचारते, खालच्या इंग्रजी ओळी वाचणार कोण? माझ्या सासूबाई बाजारात कन्नड फाडफाड बोलतात, पण ते आपल्याकडचं. 'तिथी'तली माणसं तिकडं दक्षिण कर्नाटकात मंड्याकडच्या खेड्यातली, खरीखुरी गावकरी. त्यांचं बोलणं निम्मं डोक्यावरून जाईल. आधी पाच मिनिटं कुणीतरी नाती समजावून सांगा, कोण कुणाचा बाप, कोण नातू. मग म्हाताऱ्या माणसांना आणा. नुसतं आणून बसवू नका.

निपाणीकर:
भाषेचं नंतर बघा. निर्मात्याची लेखी परवानगी घेतलीय का? पेनड्राइव्हवर कुणाकडून तरी आणलेला सिनेमा लावणार असाल तर मी मराठीलाही येणार नाही. पदरचे पैसे घालून असले सिनेमे काढतात लोक. दारात डबा ठेवा, माणशी पन्नास घ्या, त्यांना पाठवा.

शहापूरकर:
परवानगीचं शंभर टक्के बरोबर, पत्र मीच लिहितो. नाती सांगायचंही ठरलं. टिळकवाडीवाले, तुमची काळजी मला पटते. पण 'कोर्ट'मध्ये तरी नुसती मराठी कुठं होती? मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी, सगळं होतं आणि आपण अडीच तास... नाही, दोनच तास, पण जागचे हललो नाही. 'तिथी'ला २०१५ साली स्वित्झर्लंडच्या लोकार्नो महोत्सवात बक्षीस मिळालं, तरी आपल्या गल्लीपर्यंत तो कुणी आणला नाही. आपल्या सिनेमाचं जे होतं, तेच त्याचं झालं. रविवारी पाचला बैठक आहे, या.

टिळकवाडीहून:
येतो. पण 'फँड्री'ची तारीख वहीत लिहिल्याशिवाय उठणार नाही.