निंजा ६५० वर जोडीने लांबच्या टूर होतील का? की २७० डिग्रीवाली घेऊ?

रंकाळा_रायडर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

कोल्हापूरचा आहे. सात वर्षं ३५० सिंगल (एकाच सिलिंडरची) चालवतोय. गाडीवर लई जीव आहे, पण हायवेला ९० च्या वर नेली की हँडल असं थरथरतं की कराडला चहाला थांबलो तरी पाच मिनिटं हातात कप धरवत नाही. बायको प्रत्येक टूरला मागे असते, दोघांचं वजन मिळून १४० धरा, वर बॅगा. आमचं फिरणं म्हणजे आंबोली, गगनबावडा, वर्षातून एकदा गोकर्ण नाहीतर हंपी, म्हणजे घाट पण आणि सरळ हायवे पण.

आता ओळखीतल्या एकाची २०१८ ची कावासाकी निंजा ६५० विकायची आहे, २३ हजार किमी झालेत, एकच मालक, साडेचार मागतोय. मेव्हणा म्हणतो येडा आहेस का, तेवढ्यात रॉयल एनफिल्डची नवी कोरी इंटरसेप्टर येते. दोन्ही दोन सिलिंडरवाल्या, दोन्ही साडेसहाशे सीसी, पण निंजा ६८ पीएस (पॉवरचं माप) आणि इंटरसेप्टर ४७ च्या आसपास, मग हा मेव्हणा ४७ वालीच चालवायला बरी असं कशावरून म्हणतो? सारखं २७० डिग्री क्रँक, २७० डिग्री क्रँक लावलंय. म्हणजे काय रे विचारलं तर म्हणाला आवाज भारी येतो. बरं, आवाजासाठी साडेचार लाख घालायचे का? कुणी दोन्ही चालवल्या असतील तर सांगा, आणि मागे बसणाऱ्याचं काय होतं ते जरूर सांगा.

चाकण_६४९

भावा, माझ्याकडे हीच आहे, हेच मॉडेल, ४१ हजार झालेत.

पहिलं म्हणजे निंजा नाव आणि हिरवा रंग बघून घाबरू नको. ही पोटावर झोपून चालवायची गाडी नाहीच, हँडल बऱ्यापैकी वर आहे, सीट ७९० मिमी, माझी उंची पाच फूट सहा आणि दोन्ही पाय टेकतात. आधी हिचं नाव बाहेरच्या देशांत ईआर-६एफ होतं, आपल्याकडे २०११ ला बजाजच्या शोरूममधून ६५०आर म्हणून आली तेव्हाची गाडी चांगलीच जड होती. २०१७ ला त्यांनी फ्रेमच बदलली, पाइपांची ट्रेलिस फ्रेम, फक्त १५ किलोची, आणि गाडी आली १९६ किलोवर, पेट्रोल भरून. म्हणजे तुझ्या ३५० च्या आसपासच, पण ढकलताना हलकी वाटते कारण वजन सगळं खाली आहे, सायलेन्सरसुद्धा इंजिनच्या पोटाखाली. त्याचा एक फायदा कुणी सांगत नाही, दोन्ही बाजूंना सॅडलबॅगा लावल्या तरी भाजत नाहीत.

आणि त्याच पोटाखालच्या सायलेन्सरचा तोटा ऐक. ग्राउंड क्लिअरन्स १३० मिमी. दोघं आणि बॅगा घेऊन चोर्ल्याकडे जाताना एका गावात रात्रीतून बांधल्यासारखा स्पीडब्रेकर, ना पट्टे ना बोर्ड, असा खर्रर्र आवाज आला की बायको म्हणाली काहीतरी पडलं. पडलं काही नव्हतं पण खाली पोचा आहे अजून, दर सर्व्हिसला मेकॅनिक दाखवतो आणि मी दर वेळी नव्याने बघितल्यासारखं करतो.

इंजिनचं म्हणशील तर पूर्ण पॉवर ८००० आरपीएमला (मिनिटाला इंजिनचे फेरे) आहे पण तिथे मी महिन्यातून एकदा पण जात नाही. २०१७ ला पॉवर मुद्दाम कमी केली होती, थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा जाते त्या नळ्या) छोट्या केल्या आणि कॅम (व्हॉल्व उघडणारे दांडे) बदलले, म्हणून तीन-साडेतीन हजारापासून छान ओढते. आंबोलीला दोघं घेऊन तिसऱ्या गिअरमध्ये खालपासून वरपर्यंत, वळणाला दुसरा टाकायची गरज फार थोड्या वेळा पडते. क्लच दोन बोटांनी चालतो, स्लिपर असल्यामुळे उतारावर घाईत गिअर पाडला तरी मागचं चाक उडत नाही. सहाव्यात १०० ला साडेचार हजाराच्या आसपास असते. पाच हजार ओलांडले की फूटपेगमध्ये मुंग्या चालू. हँडलमध्ये कमी, पण आरशात मागचा ट्रक जरा दाढी वाढल्यासारखा दिसतो. तुझ्या ३५० सारखं हात बधिर होणं मात्र नाही, सकाळी सहाला पुणे सोडून दुपारी पणजीला जेवलोय.

टाकी १५ लिटर, मला २२ ते २४ देते, म्हणजे अडीचशेला पंप शोधायला लागायचं. ट्रॅफिकमध्ये फॅन लागला की उजव्या पायाला गरम वाफ, एप्रिलमध्ये हडपसरला जीन्स भाजून निघते.

मागे बसणाऱ्याचं शेवटी ठेवलं कारण तिथंच सगळं अडतं. सीट छोटी, उंच आणि कडक. धरायला काही नाही, म्हणजे तुलाच धरायचं, आणि तू ब्रेक मारला की ती तुझ्या पाठीवर. आम्ही दर ८० किमीला उतरायचो. मग हडपसरलाच एका सीटवाल्याकडून फोम बदलून घेतला, खाली जेल टाकलं, आता दीडशे होतात.

स्पॅनर_काका

मेव्हण्याचं बरोबर आहे, फक्त त्याला का ते माहीत नाही. मी सांगतो, आयुष्य इंजिनांत गेलंय, जरा वेळ द्या. क्रँक म्हणजे पिस्टनच्या वर-खाली होण्याने फिरणारा दांडा, आणि डिग्री म्हणजे त्यावर दोन पिस्टनमधला कोन.

उखळात दोघी बायका मिळून कांडताना कुणी बघितलंय का? एकीचं मुसळ वर तेव्हा दुसरीचं खाली. ही झाली १८० डिग्री, तुमची निंजा. एक पिस्टन वर, दुसरा खाली, त्यामुळे दोघांचे मोठे झटके एकमेकांना खातात. पण त्या दोघी शेजारी शेजारी उभ्या आहेत, एका जागी नाहीत, म्हणून इंजिन डावीकडून उजवीकडे डोलायला बघतं, ते दाबायला बॅलन्सर शाफ्ट टाकलेला असतो. ठोके, म्हणजे सिलिंडरमधले पेट्रोलचे स्फोट, कसे पडतात बघा: एक पडला, १८० डिग्रीने लगेच दुसरा, मग ५४० डिग्री शांत. धप-धप... धप-धप... आयडलवर आवाज फाटका वाटतो तो यामुळे.

दुसरा प्रकार ३६०, म्हणजे दोघींची मुसळं एकदम वर, एकदम खाली. जुन्या ब्रिटिश ट्विन अशाच. ठोके समान अंतराने, आवाज गोड, पण दोन पिस्टन एकदम आपटणार म्हणजे हादऱ्याच्या हिशोबाने ती मोठी सिंगलच झाली की.

आता २७०, म्हणजे इंटरसेप्टर. पिस्टन वरच्या किंवा खालच्या टोकाला पोचला की क्षणभर थांबतो, मधे आला की जोरात पळतो. १८० आणि ३६० दोन्हीत दोन्ही पिस्टन एकाच वेळी थांबतात आणि एकाच वेळी पळतात. थांबताना ते आपला वेग क्रँकला देतात, पळताना क्रँककडून परत ओढून घेतात, म्हणजे क्रँक एका फेऱ्यात सारखा पुढे ढकलला जातो आणि मागे खेचला जातो. २७० मध्ये एक थांबलेला असतो तेव्हा दुसरा जवळजवळ पूर्ण वेगात, त्यामुळे हे देणं-घेणं दोघांच्या आपसात मिटतं. तुमच्या मनगटाला जो ओढा जाणवतो तो निव्वळ पेट्रोलचा. ओल्या घाटात थ्रॉटल उघडताना माणूस म्हणतो गाडी हातात आहे, ती ही गोष्ट.

शिवाय एका फेऱ्यात दोनदा येणारा जो बारीक हादरा असतो तो २७० मध्ये कटतो, १८० मध्ये दोन्ही सिलिंडरचा मिळून वाढतो. चाकणवाल्या भाऊंच्या पेगातल्या मुंग्या बऱ्याचशा त्याच. मात्र २७० ला सगळं फुकट मिळतं असं नाही, तिथले मोठे झटके पूर्ण कटत नाहीत, बॅलन्सर तिथेही लागतोच. सुझुकीने जीएसएक्स-८आर मध्ये तर दोन बॅलन्सर घातलेत.

ही कल्पना रस्त्यावरच्या गाडीत यामाहाने १९९५ च्या टीआरएक्स८५० मध्ये आणली. ठोके २७० आणि ४५० वर, अगदी ९० डिग्रीच्या व्ही-ट्विनसारखे, म्हणून आवाज इटालियन वाटतो. आता तर जो तो तेच करतोय, बारामतीत बनणारी एप्रिलियाची आरएस ४५७ सुद्धा २७० च आहे.

पण ४७ आणि ६८ चा फरक क्रँकच्या कोनामुळे नाही, हे मेव्हण्याला नीट सांगा. निंजाला पाण्याचं कूलिंग, दोन कॅम, कॉम्प्रेशन १०.८, स्ट्रोक फक्त ६० मिमी, म्हणजे ती फिरायलाच बनवलीये. इंटरसेप्टर हवा आणि तेलावर थंड होते, एक कॅम, कॉम्प्रेशन ९.५, स्ट्रोक ६७.८. तिचा ५२ एनएम टॉर्क (फिरवायचा जोर) ५२५० आरपीएमलाच येतो, २०१८ च्या निंजाचा ६५.७ यायला ६५०० लागतात. गावातून, घाटातून ६०-७० ने जाणाऱ्याला इंटरसेप्टर जास्त जिवंत वाटेल. कागलहून हुबळीकडे ११० ने दोघं आणि सामान घेऊन, समोर ट्रकला ओव्हरटेक करायचंय, तिथे तिला श्वास लागतो, निंजाला नाही. शिवाय इंटरसेप्टर उघडी, छातीवर सगळा वारा. टूरर म्हणायचं तर निंजालाच म्हणावं लागेल.

म्युनिकचा_मावळा

काकांनी ३६० ला मोठी सिंगल म्हटलं म्हणून राहवलं नाही. इकडे माझ्याकडे जुनी बीएमडब्ल्यू एफ८००एसटी आहे, ३६० डिग्री, ७९८ सीसी, ८५ हॉर्सपॉवर. इंजिन ऑस्ट्रियातल्या रोटॅक्सने बनवलेलं. हादरा मारायला यांनी बॅलन्सर शाफ्टऐवजी क्रँकला मधोमध तिसरा कनेक्टिंग रॉड लावलाय, त्याला पिस्टन नाही, खाली एक वजनदार दांडा आहे, दोन पिस्टन वर गेले की तो खाली. गुपचूप पालखीचा तिसरा भोई. पहिल्यांदा कटिंगचं चित्र बघितलं तेव्हा वाटलं जर्मन लोकांना वेळ भरपूर आहे. पण चालतं, काका, १३० ला तासभर चालवून उतरलो तरी हात शाबूत असतात.

मला मात्र या गाडीत इंजिनपेक्षा दोनच गोष्टी आवडतात. एक म्हणजे बेल्ट, चेन नाहीच. पावसात चेनला तेल मारत बसणं काय असतं ते ताम्हिणीत शिकलो होतो, इथे आल्यावर विसरलो. दुसरी म्हणजे मागच्या सस्पेन्शनचा हाताने फिरवायचा नॉब. बायको बसली, बॅगा लागल्या की फिरवला, एकटा असलो की उलटा. निंजाला हे काम सी-स्पॅनरने (अर्धगोल तोंडाच्या पान्याने) करायला लागतं, म्हणून कुणी करतच नाही, आणि मग म्हणतात जोडीने गाडी डगमगते, वळणात बाहेर जाते, समोरच्या गाड्या डिपर मारतात कारण गाडी मागून दबल्यामुळे लाइट आभाळात गेलेला असतो. रंकाळाभाऊ, टेस्ट राइडला वहिनींना घेऊन जा आणि त्याआधी मागचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण, वाढवून घ्या, नाहीतर भलतीच गाडी चालवून परत याल.

घाटमाथा_७

एवढं वाचलं, कुणीच कावासाकीचीच व्हर्सिस ६५० म्हणालं नाही?? इंजिन हेच, टाकी २१ लिटर, खालून क्लिअरन्स १७० आणि मागची सीट माणसाची.

चाकण_६४९

आणि सीट ८४५ मिमी. त्याने उंची सांगितली नाहीये अजून.

घाटमाथा_७

कोल्हापूरचा आहे, तांबडा-पांढरा खाऊन वाढला असेल, पोचतील पाय 😄

रंकाळा_रायडर

पाच फूट सात आहे, व्हर्सिसवर एकच पाय टेकतो, शोरूमला जाऊन बघितलं. एकटा असतो तर चाललं असतं, मागे ही असताना उतारावर गाडी थांबवायची म्हणजे दोघंही आडवे.

काल जोतिबाच्या रस्त्याने निंजा चालवली. आधी एकटा गेलो, खरं सांगायचं तर पहिली दहा मिनिटं काही वेगळं वाटलंच नाही, शांत गाडी, म्हटलं एवढंच का. मग एका ऊसाच्या ट्रॉलीच्या मागे अडकलो, तिसऱ्यातच थ्रॉटल दिला आणि ट्रॉली मागे गेली, ३५० वर तिथे आधी गिअर पाडायचा, मग देवाचं नाव घ्यायचं. मुंग्या पाच हजाराला बरोब्बर आल्या, चाकणदादांनी सांगितलं नसतं तर वाटलं असतं काहीतरी ढिलं आहे. काकांचं पण पटलं, येताना मेव्हण्याची इंटरसेप्टर मागून घेऊन त्याच रस्त्याने गेलो, गावातून दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये तीच जास्त मजा देते. हायवेला लागलो आणि शंभरच्या पुढे वारा छातीत बसला तेव्हा तो विषय माझ्यापुरता संपला.

मग हिला घेऊन. म्हणाली सीट आहे की देवापुढचा पाट. पण असंही म्हणाली की सात वर्षांत पहिल्यांदा तुझ्या हेल्मेटच्या वरून पुढचा रस्ता दिसला, एवढे दिवस फक्त तुझी पाठ बघितली. सीटचा फोम आणि जेल मान्य केलंय, दर दीडशेला थांबायचं हेही लिहून घेतलंय. मालक चार पंचवीसला आलाय.

मावळेदादा, प्रीलोड वाढवायला गेलो तर सीटखाली टूलकिटच नाही, मालक म्हणतो कधी बघितलंच नाही. सी-स्पॅनर बाहेर मिळतो का कोल्हापुरात?

चाकण_६४९

पुण्याला आलास तर माझा घेऊन जा. आणि ज्याने टूलकिट बघितलं नाही त्याने चेन पण बघितलेली नसणार, पैसे द्यायच्या आधी गाडी पॅडॉक स्टँडवर (मागचं चाक उचलून धरणारा स्टँड) घे, मागचं चाक हळूहळू पूर्ण फिरव आणि चेनचा ढिलेपणा चार ठिकाणी मोज. एके ठिकाणी ताठ आणि दुसरीकडे लोंबतेय असं दिसलं तर चेन-स्प्रॉकेटचे पैसे त्या चार पंचवीसमधून काप.

स्पॅनर_काका

आणि खाली वाकून सायलेन्सरचा पोचा बघ, तो असणारच.